कॅटनिपची रोपं घेण्याआधी हे वाचा



कॅटनिपची लागवड करा, रोपं आम्ही देतो, मालही आम्हीच उचलतो, अशी जाहिरात काही सभासदांनी मला पाठवली आहे. रोपांचे पैसे मात्र आगाऊ मागतायत. पैसे भरायच्या आधी या झाडात नेमकं काय आहे ते समजून घ्या. मेसेज थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

कॅटनिप ही पुदिना आणि तुळशीच्या कुळातली वनस्पती. शास्त्रीय नाव नेपेटा कटारिया. मूळची युरोप आणि आशियातल्या थंड भागातली, त्यामुळे आपल्याकडे तिला रूढ मराठी नाव नाही. खोड चौकोनी, पानं करडी-हिरवी आणि लव असलेली, फुलं पांढरी, त्यावर जांभळे ठिपके.

*तिच्यात आहे काय?*
पानांवर अगदी बारीक तेलग्रंथी असतात. त्या तेलातला मुख्य घटक म्हणजे *नेपेटालॅक्टोन*. १९४१ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तो वेगळा काढला. याच्या वासाने मांजर लोळतं, गाल घासतं, पाला चावतं. पाच-दहा मिनिटांत सगळं शांत, आणि मग काही वेळ तोच वास दिला तरी ते ढुंकून बघत नाही. हा गुण आनुवंशिक आहे, म्हणून तीन मांजरांपैकी साधारण दोघांवरच परिणाम होतो. परदेशात मांजरांच्या खेळण्यांत वाळलेला पाला भरतात, मोठी मागणी तीच.

झाड हे तेल मांजरासाठी बनवत नाही, किड्यांपासून वाचण्यासाठी बनवतं. मोहरीचा झणका आपल्या नाकाला ज्या प्रकारच्या संवेदकामुळे लागतो, तसाच संवेदक डासातही असतो. नेपेटालॅक्टोन डासाचा तो संवेदक चाळवतं, माणसाचा नाही. हे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे डास पळवण्याचा गुण खरा आहे. अडचण एकच, तेल लवकर उडून जातं, त्यामुळे अंगावर लावलं तर परिणाम फार वेळ टिकत नाही.

*औषधी गुण?*
युरोप-अमेरिकेत झोप न येणं, पोटात मुरडा, ताप यासाठी तिचा चहा पिण्याची जुनी पद्धत आहे. पण माणसांवरच्या चाचण्यांचा पुरावा तोकडा आहे. जाहिरातीत "मधुमेह, सांधेदुखी, कर्करोगावर रामबाण" लिहिलंय, त्याला आधार नाही. त्यावर विसंबून कुणी चालू गोळ्या बंद करू नयेत. गरोदर बाईने तर हा चहा टाळलेलाच बरा.

*मावा पळतो का?*
जाहिरातीतला हा दावा मला सगळ्यात जास्त खटकला, कारण यात अर्धं सत्य आहे. माव्याच्या बऱ्याच जातींची मादी नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, त्यात हेच नेपेटालॅक्टोन असतं. इंग्लंडमध्ये १९८७ साली हे उघड झालं. म्हणजे माव्याच्या बाबतीत हा गंध बोलावण्याचा आहे, हाकलण्याचा नाही! बरं, मग सापळा लावून नर पकडता येतील का? आपल्या उष्ण हवेत माव्याच्या माद्या बहुतेक वेळा नराशिवायच थेट पिल्लं देतात. नरच नाही तर सापळ्यात येणार कोण? तेव्हा हरभरा-करडई-कपाशीवरच्या माव्यासाठी कॅटनिपचा अर्क म्हणून कुणी बाटली विकत असेल तर घेऊ नका.

*तुमच्या बांधावरची खोकली*
खुरपणीत निघणारी खोकली सगळ्यांना माहीत आहे. दांड्यावर वाटीसारखी छोटी पानं, त्यात बारीक फुलं. ही कॅटनिपच्या कुळातली नाही, पण तिचं ताजं मूळ उपटून मांजरासमोर टाकलं तर तेही लोळायला लागतं. मुळात नेपेटालॅक्टोनच्या जवळची संयुगं आहेत. गंमत म्हणून बघा, पण *मुलांना खोकल्यासाठी तिचा रस घरच्या घरी पाजू नका*. काही लोकांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. अशांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी खोकलीने फुटल्याच्या नोंदी आहेत, आणि कुणाला ही कमतरता आहे हे वरून कळत नाही.

*लागवडीचं काय?*
माझं मत स्पष्ट आहे, एकरावर लावू नका. थंड हवेचं झाड आहे, आपला एप्रिल-मे त्याला भाजून काढेल आणि काळ्या जमिनीत पावसाचं पाणी साचलं की मुळं कुजतील. तेलही फार थोडं निघतं, शंभर किलो वाळलेल्या पाल्यातून बहुधा एक किलोसुद्धा नाही. तेही फुलोऱ्यात कापून, सावलीत वाळवून आणि ऊर्ध्वपातनाची टाकी जवळ असेल तर. उन्हात टाकलेला पाला म्हणजे वास गेलेला कडबा.

तरीही कुणाला करायचंच असेल तर विकणाऱ्याकडे आधी या गोष्टी मागा: किती किलो, काय भावाने उचलणार याचा स्टॅम्पपेपरवरचा लेखी करार, तेलात नेपेटालॅक्टोन किती टक्के याचा प्रयोगशाळेचा अहवाल, आणि मागच्या वर्षी ज्याचा माल उचलला अशा शेतकऱ्याचा पत्ता. त्या शेतकऱ्याला स्वतः जाऊन भेटा. फोनवर कुणीही शेतकरी होतो.

हौस म्हणून थंडीत चार कुंड्या लावायला हरकत नाही. मांजर उपटणार नाही अशा जागी ठेवा.

पैसे आधीच भरले असतील तर पावतीचा फोटो कंपनीच्या ऑफिस नंबरवर पाठवा. गटावर टाकू नका, खाते क्रमांक सगळ्यांना दिसतो.