बॅटरी गेली की उतरली?

सकाळी शाळेच्या घाईत किल्ली फिरवावी आणि गाडीने नुसते 'टक्' करून गप्प बसावे. अशा वेळी घरातला लहानथोर प्रत्येक जण एकच निदान सांगतो, 'बॅटरी गेली.' दुपारपर्यंत चार-पाच हजार मोजून नवी बॅटरी बसते, गाडी लगेच सुरू होते आणि निदान खरे ठरल्याचे समाधान मिळते. मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच 'टक्'.

बॅटरी उतरणे वेगळे आणि बॅटरी जाणे वेगळे. उतरलेली बॅटरी म्हणजे रिकामा हंडा, भरला की कामाला लागतो. गेलेली बॅटरी म्हणजे तडा गेलेला हंडा. हंडा सारखा रिकामा का होतो हे न पाहता नवा आणला, तर तोही रिकामाच होणार. आमच्या मते बॅटरीवर होणाऱ्या खर्चातला बराचसा खर्च हा न पाहिल्यामुळे होतो.

कोकणातल्या आमच्या बऱ्याच घरांची एक वेगळीच तऱ्हा आहे. घरचा कर्ता दुबईला, कुवेतला किंवा जहाजावर. वर्षातून महिना-दीड महिना तो येतो तेव्हा गाडी रोज फिरते. एरवी ती पडवीत कव्हरखाली उभी. चालवायची झाली तर भाभीने किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलीने, आणि तीही बहुधा आणीबाणीच्या वेळी. रात्री दोनला अम्मींना दम लागला तर तीच गाडी एका किल्लीत सुरू व्हायला हवी. तेव्हा पुढचे सारे मिस्त्रीसाठी नाही, ज्याच्या हातात किल्ली आहे त्याच्यासाठी लिहिले आहे.

एकच हत्यार विकत घ्या, डिजिटल मल्टिमीटर. साधा मीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो. त्याची चकती डीसीच्या २० या आकड्यावर आणायची, लाल काडी बॅटरीच्या प्लसला आणि काळी मायनसला टेकवायची. शॉक बसण्याची भीती नको, १२ व्होल्ट कोरड्या हाताला जाणवतही नाहीत. सांभाळायचे एवढेच की, पाना किंवा हातातली बांगडी दोन्ही टर्मिनलना एकदम लागता कामा नये. तसे झाले तर ठिणगी उडते आणि धातू लालबुंद तापतो. बांगड्या-अंगठ्या आधीच उतरवून ठेवा.

पहिले मोजमाप गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतरचे. बॉनेट उघडा, दारे लॉक करा, अर्धा तास थांबा, मग मोजा. बॅटरीत सहा खाने असतात आणि भरलेला एकेक खाना २.१ व्होल्टचा, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. पुष्कळ लोक फसतात ते इथेच. मीटरवर १२ दिसले की 'बॅटरी १२ व्होल्टचीच आहे, म्हणजे ठीक आहे' असे म्हणून बॉनेट मिटतात. भरलेली आणि रिकामी यांच्यात एका व्होल्टचेही अंतर नसते, त्यामुळे दशांशानंतरचा आकडा पाहायचा. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर पूर्ण चार्ज करून घ्या. अर्ध्या बॅटरीवर पुढची परीक्षा घेणे अन्यायाचे होईल.

दुसरे मोजमाप सेल्फ मारताना. याला दोन माणसे लागतात, एक किल्लीवर आणि एक मीटरवर. सेल्फ फिरत असताना आकडा खाली येणारच, पण ९.६ च्या वर राहायला हवा. भरलेली बॅटरी असूनही तो आठ-सातवर कोसळत असेल तर बॅटरी आतून संपली, खुशाल बदला. याउलट आकडा १२ वरून हललाच नाही आणि नुसते 'टक्' झाले, तर बॅटरी बिचारी बेकसूर आहे. तिचा करंट सेल्फपर्यंत पोहोचत नाही. टर्मिनल ढिले असेल, अर्थिंगची वायर गंजली असेल किंवा सेल्फच बिघडला असेल.

तिसरे इंजिन चालू असताना. अल्टरनेटर ठीक असेल तर १३.८ ते १४.५ दिसतात. बारा-साडेबारा दिसत असतील आणि आकडा घसरत असेल तर बॅटरी भरतच नाही, पट्टा किंवा अल्टरनेटर पाहायला हवा. पंधराच्या वर सतत राहत असेल तर तेही वाईट, बॅटरी उकळते. नव्या गाड्यांत एक फरक असतो. त्यांचा संगणक इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मधूनमधून कमी करतो, म्हणून आकडा कमी दिसला की लगेच अल्टरनेटरला दोष देऊ नका. हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर एकदम लावून पुन्हा मोजा. आणि इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी युक्ती कोणी सांगितली तर त्याला हात लावू देऊ नका. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ती खपून गेली. आज त्या एका क्षणात व्होल्टेज उसळून इंजिनचा संगणक जळू शकतो, आणि त्याची किंमत कित्येक बॅटऱ्यांएवढी असते.

समुद्रकाठच्या हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी फार लवकर धरते. ही भुकटी करंट अडवते. आधी मायनसची वायर काढायची, मग प्लसची. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासायचे, पुसून कोरडे करायचे, आधी प्लस आणि शेवटी मायनस घट्ट बसवायचे आणि वर थोडे व्हॅसलीन लावायचे. अर्थिंगची परीक्षा तर फारच सोपी आहे. मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला, आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी दिसले तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर ती वायर नाहीतर तिचा बोल्ट खराब आहे. दहा मिनिटांचे काम, पण हे करणारा मिस्त्री विरळा.

नव्या गाडीतला घोटाळा डॅशबोर्डवर सुरू होतो. एबीएसचा दिवा, एअरबॅगचा दिवा, इंजिनचा दिवा सारे एकदम पेटतात, स्टिअरिंग जड होते. घरच्यांना वाटते, गाडीचे सगळेच गेले. एका ओळखीच्या घरी गॅरेजवाल्याने अशाच दिव्यांवरून स्टिअरिंगचा संगणक बदलण्याचा खर्च सांगितला होता. बॅटरीवर मीटर लावला तर ११.९. आजच्या गाडीत कितीतरी लहान-मोठे संगणक एकमेकांशी सतत बोलत असतात. व्होल्टेज पडले की त्यांचे बोलणे तुटते आणि प्रत्येक जण दुसऱ्याविरुद्ध तक्रार नोंदवतो. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये स्कॅनर लावला की त्या तक्रारी कोडच्या रूपात दिसतात. पी ०५६२ हा कोड व्होल्टेज कमी असल्याचा. तो यादीत दिसला की बाकीचे कोड तूर्त बाजूला ठेवायचे. बॅटरी पूर्ण चार्ज करायची, कोड पुसायचे, गाडी दोन दिवस चालवायची आणि जे परत येतील तेवढेच खरे मानायचे. त्या घरी एकही परत आला नाही. स्कॅनरने एखाद्या सेन्सरचे नाव घेतले म्हणून तो सेन्सरच बदलावा असेही नाही, त्याच्याकडे जाणारी वायरही तुटलेली असू शकते. पावसाळ्यात उबेला येणारे उंदीर बॉनेटखालच्या वायरी कुरतडतात, हे गावाकडच्या वाचकांना सांगायला नकोच.

आता खरी कसोटीची गोष्ट. तिन्ही मोजमापे ठीक येतात, तरी गाडी दोन दिवस उभी राहिली की बंद. शेजारच्या भाभींच्या गाडीला सव्वा वर्षात दुसरी बॅटरी बसली होती आणि तीही गुरुवारी लावली की शनिवारी गप्प. दुकानदार तिसरी द्यायला तयार होता. भाभींनी दुबईला फोन केला तर भाईजान म्हणाले, 'घेऊन टाक, कटकट नको.' आम्ही म्हटले, एक दिवस थांबा, आणि बाजारातल्या जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन चाचांना घेऊन आलो.

चाचांनी मायनसची वायर काढली आणि वायर व टर्मिनलच्या मध्ये मीटर जोडला, १० ॲम्पिअरच्या खाचेत. दाराचे कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद केले, म्हणजे गाडीला दार मिटले असे वाटावे. किल्ली घरात नेऊन ठेवायला सांगितली. मीटरवर दोन ॲम्पिअरच्या वर.

'चाचा, एवढी वीज जातेय?' भाभी घाबरल्या.

'बेटी, गाडी अजून जागी आहे. तिला झोपू दे, मग खरे कळेल.'

चाळीस मिनिटे चहा-गप्पांत गेली. नव्या गाडीचे संगणक बंद केल्याबरोबर झोपत नाहीत, काहींना अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. झोपल्यावर निरोगी गाडीने ०.०५ ॲम्पिअरपेक्षा कमी घ्यावे. मीटर थांबला ०.४२ वर. मग चाचांनी एकेक फ्यूज उपसायला घेतला. आतल्या दिव्यांचा फ्यूज निघताच आकडा ०.०३ झाला. आता कोणता दिवा? भाभींच्या मुलीने डोके चालवले. फोनवर व्हिडिओ सुरू करून तो डिकीत ठेवला, डिकी मिटली आणि मिनिटाने उघडली. चित्रफितीत डिकी बंद झाल्यावरही दिवा लख्ख चालू. कुलपातला स्विच अडकला होता.

पाच वॉटचा तो दिवा. पाच भागिले बारा, ०.४२. चोवीस तासांनी गुणले तर रोज दहा ॲम्पिअर-तास. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ ची. दोन दिवसांत निम्म्याहून जास्त रिकामी. पहिली बॅटरी अशीच पुन्हा पुन्हा उतरून शेवटी खरोखर गेली असणार, कारण रिकाम्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि ते मग सुटत नाहीत. चाचांनी बल्ब काढून भाभींच्या हातात दिला. बॅटरी चार्ज केली, गाडी चालू झाली. स्विच पुढच्या आठवड्यात आला.

हा प्रयोग स्वतः करायचा असेल तर मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका. सेल्फ शंभराहून जास्त ॲम्पिअर ओढतो, आणि स्वस्त मीटरमध्ये १० ॲम्पिअरच्या खाचेला बऱ्याचदा फ्यूजच नसतो. चोर बहुधा बाहेरून बसवलेल्या वस्तूंत सापडतो. डॅशकॅम, जीपीएस, म्युझिक सिस्टिम, रंगीत दिवे. वायर कापून, टेप गुंडाळून थेट बॅटरीवर दिलेले कनेक्शन हे वीजचोरीच काय, आगीचेही कारण ठरते. असे काम करून घ्यायचेच असेल तर स्वतंत्र फ्यूज टाकायला लावा.

वरचा ०.०३ हा आकडा निरोगी गाडीचा आहे, पण तोही शून्य नाही. रोज पाऊण ॲम्पिअर-तास, म्हणजे तीन-साडेतीन आठवड्यांत बॅटरी अर्धी. पडवीत महिनाभर उभी असलेली गाडी सुरू झाली नाही तर तिच्यात बिघाड आहेच असे नाही, हिशेबाप्रमाणेच झाले. रोज पाच मिनिटे जागेवर चालू करून बंद करण्याने फारसे साधत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास फिरवून आणा. ते जमत नसेल तर भरल्यावर आपोआप थांबणारा चार्जर लावा किंवा दहा नंबरच्या पान्याने मायनस सोडवून ठेवा. मायनस सोडले की रिमोटने दार उघडणार नाही, म्हणून किल्ली गाडीत विसरू नका.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत 'किल्ली सापडत नाही' असा निरोप आला तर तो दोष मोठ्या बॅटरीचा नसून किल्लीतल्या बटण-सेलचा असतो. बहुतेक गाड्यांत किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून धरली की गाडी घेते. विजेवर चालणाऱ्या गाडीतही मोठ्या बॅटरीखेरीज एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली तर मोठी कितीही भरलेली असो, गाडी जागी होत नाही. त्या गाडीच्या नारिंगी वायरींना मात्र हात लावायचा नाही, तिथे शेकडो व्होल्ट असतात.

दुसऱ्या गाडीवरून सुरू करताना लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळी चांगलीच्या मायनसला, आणि तिचे शेवटचे टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून हे अंतर. काढताना उलट क्रम. ट्रकची मदत घेऊ नका, त्याचे २४ व्होल्ट असतात.

इतके करूनही बॅटरी गेलेलीच निघाली तर दुकानात तिच्यावरची बनवल्याची तारीख पाहा, फार दिवस पडून असलेली घेऊ नका. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम जातीचीच बॅटरी लागते, साधी बसवली तर ती लवकर संपते. काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने संगणकात करावी लागते, ते आधी विचारा. जुनी बॅटरी घरात ठेवू नका, आत शिसे आणि ॲसिड आहे. दुकानदार ती परत घेतो आणि बिलातून पैसेही कमी करतो. बसवून झाल्यावर आपला मीटर काढा, इंजिन चालू ठेवून एकदा मोजा आणि तो आकडा वॉरंटी कार्डाच्या मागे तारखेसह लिहून ठेवा.