भागीतला घोडा, लेखांक ४ : आधी ट्रेनर, मग घोडा

सुरतेत रेसकोर्स नाही. तेव्हा उधन्यापासून वराछापर्यंतच्या वीस-पंचवीस जणांनी मिळून घोडा घेतला, तरी तो बांधला जाणार महालक्ष्मीला आणि पावसाळ्यात पुण्याला. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर. म्हणजे मालक तापीकाठी, घोडा अडीचशे किलोमीटरांवर, आणि दोघांच्या मधे ट्रेनर. भागीचे कागद कसे करायचे ते गेल्या आठवड्यात पाहिले. पण घोड्याने काय खायचे, कधी पळायचे आणि कधी पळायचे नाही, हे ज्याच्या हातात असते, तो माणूस आधी ठरायला हवा. लिलावात शिंगराची चाल आणि गुडघे पाहायला तोच सोबत असला तर उत्तम. बहुतेक मंडळी नेमके उलटे करतात. घोडा आवडतो, पैसे भरून होतात, आणि मग ‘आता द्यायचा कुणाकडे?’ अशी फोनाफोनी सुरू होते.

या भागाला घोडेमालकी नवी नाही. गायकवाडांची पहिली राजधानी सोनगड सुरतेहून जवळच आहे. त्याच घराण्यातल्या प्रतापसिंहराव महाराजांची प्रिन्सेस ब्युटिफुल 1943 साली पहिली इंडियन डर्बी जिंकली. पुढे त्यांनी इंग्लंडात 28,000 गिनींना, म्हणजे त्या वेळच्या विक्रमी किमतीला, एक शिंगरू घेतले आणि त्याला आजोबांचे नाव दिले, सयाजीराव. ते सॅम आर्मस्ट्राँग यांच्या हाती सोपवले. 1947 मध्ये त्या घोड्याने आयरिश डर्बी आणि सेंट लेजर मारली. महाराजांनी ट्रेनरसाठी न्यूमार्केटमध्ये वॉरन प्लेस हे अख्खे स्टेबल विकत घेतले होते. एक मालक, एक तिजोरी, एक शब्द. पंचवीस जणांच्या क्लबचे दुखणे वेगळे. तिथे ट्रेनरला पंचवीस मालक.

आपल्याला जवळचे उदाहरण वेल्समधले. तिथल्या खाणकामगारांच्या वस्तीत जॅन व्होक्स या सफाईकाम करणाऱ्या बाईंनी घोडी पाळली आणि गावकऱ्यांनी आठवड्याला दहा-दहा पौंड काढून तिचे शिंगरू, ड्रीम अलायन्स, वाढवले. ट्रेनर मात्र त्यांनी गल्लीतला धरला नाही. सॉमरसेटच्या फिलिप हॉब्ज यांच्यासारख्या नावाजलेल्या माणसाकडे गेले. 2008 मध्ये घोड्याच्या पायाची कंडरा जायबंदी झाली. मूलपेशींचे उपचार झाले, घाई झाली नाही, आणि डिसेंबर 2009 मध्ये त्याने वेल्श नॅशनल जिंकली. घाई करा म्हणणारा मालक प्रत्येक क्लबात असतो. त्याचे न ऐकणारा ट्रेनर हवा.

आता निवडीकडे. पहिला मोह असतो चॅम्पियन ट्रेनरचा. रशीद बायरामजी यांच्या घोड्यांनी इंडियन डर्बी 12 वेळा जिंकली, पेसी श्रॉफ जॉकी म्हणून गाजले आणि मग ट्रेनर म्हणूनही. अशी नावे उगाच होत नाहीत. पण मोठ्या ट्रेनरकडे मोठ्या मालकांचे आणि मोठ्या स्टड फार्मांचे घोडे आधी येतात, आणि उत्तम रक्ताच्या घोड्यांवर जिंकलेल्या शर्यतींवरून आपल्या मध्यम घोड्याचे भवितव्य कळत नाही. समजा एकाने हंगामात 400 वेळा घोडे उतरवून 60 शर्यती जिंकल्या आणि दुसऱ्याने 70 वेळा उतरवून 14. यादीत पहिला वर, पण टक्केवारी काढली तर पहिला 15 वर, दुसरा 20 वर. मी त्याहून एक पायरी पुढे जातो. ज्या ट्रेनरचा विचार चालला आहे त्याच्याकडे इतर स्टेबलांतून आलेल्या घोड्यांचे रेटिंग वर गेले की खाली, हे जुन्या रेसबुकांतून काढतो. काम किचकट आहे, दोन रविवार जातात. पण हिऱ्याच्या पुड्या सोडून एकेक खडा पाहणाऱ्या सुरतेला याचा कंटाळा येऊ नये.

मग प्रत्यक्ष जा. फ्लाइंग राणी पकडून मुंबई सेंट्रलला उतरेपर्यंत सकाळचे ट्रॅकवर्क आटोपलेले असते, म्हणून आदल्या रात्रीच मुक्काम करा. ट्रेनरच्या गप्पांपेक्षा त्याच्या सकाळकडे लक्ष द्या. घोडा फिरून आला की तो खाली वाकून पुढच्या पायांच्या नळीवरून वरून खाली हात फिरवतो का? कुठे ऊब लागते, कुठे बोट थांबते, हे तो सईसला विचारतो की सईस त्याला सांगतो? रात्रीचा दाणा कुणी टाकला, म्हणजे न खाता ठेवला, हे त्याला तोंडपाठ आहे का? घोडा दाणा टाकतो तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी दुखत असते. आणि सईसांना हळूच विचारा, किती वर्षे इथे आहात? जिथे दर सहा महिन्यांनी माणसे बदलतात, तिथे मी घोडा ठेवणार नाही, नाव कितीही मोठे असो.

समोर बसल्यावर एकच प्रश्न पुरेसा आहे : ‘मागच्या हंगामात तुम्ही मालकाच्या मनाविरुद्ध कुठला घोडा उतरवला नाही, आणि का?’ उत्तर चटकन आले आणि त्यात घोड्याचा पाय, अंतर, जमीन आली, तर माणूस कामाचा. ‘मालकाची इच्छा हीच आमची आज्ञा’ असे आले, तर चहा पिऊन निघा.

खर्चाचे सगळे आधी लिहून घ्या. महिन्याच्या आकारात नाल, डॉक्टर आणि पुणे-मुंबई वाहतूक धरली आहे की वेगळी, हे विचारायला लाजू नका.

शेवटी क्लबाने स्वतःला बांधून घ्यायचे. ट्रेनरशी बोलणारा एकच सभासद, आठवड्यातून ठरलेल्या वेळी. बाकीच्यांनी ग्रुपवर काय ते भांडावे. ट्रेनर बदलायचा तर किती जणांचे हात वर हवेत, हे करारात आकड्याने लिहा. मी निम्म्यावर थांबणार नाही, दोन तृतीयांश मागेन. दोन शर्यती हरल्यावर निम्मे हात तर रागानेच वर होतात.