हत्ती मोठा होता कामा नये

आमच्या गच्चीवर एक हिरवा हत्ती आहे. तारेचा सांगाडा, आत ठासून भरलेलं ओलं शेवाळ आणि वरून वेल. युरोप-अमेरिकेत अशा प्राण्यांवर आयव्ही चढवतात. मीही हौसेनं आणली, पण थंड हवेतली ती वेल पुण्याच्या एप्रिलमध्ये दोनदा करपली. मग माळीकाकांनी बंगल्यांच्या भिंतींना बिलगून चढणारी, नखाएवढ्या पानांची वेल आणून दिली. फायकस पुमिला; म्हणजे आपल्या वड-पिंपळ-उंबराच्याच गोतावळ्यातली.

चार वर्षं हत्ती गुणी होता. मग एका पावसाळ्यात छाटणी राहून गेली आणि त्याच्या पाठीतून जाड, आडव्या फांद्या बाहेर आल्या. पानं बोटभर लांब, चामड्यासारखी. मला वाटलं, पाखरानं वडाचं बी टाकलं. माळीकाका हसले. "नाही हो ताई, वेल तीच आहे. वयात आली."

ते अगदी शब्दशः खरं होतं. झाडांनाही बालपण असतं. आयव्हीत ते सहज दिसतं : लहानपणी पानं कातरलेली, खोडाला मुळं फुटतात, वेल मिळेल त्याला चिकटत वर जाते. प्रौढ झाली की कातर जाते, चिकटणं संपतं, आणि फुलं-फळं लागतात ती याच फांद्यांना. गंमत म्हणजे प्रौढ फांदी तोडून लावली तर ती पुन्हा वेल होत नाही, झुडूप होऊन उभी राहते. वय फांदीत साठलेलं असतं. यामागे एमआयआर-१५६ नावाचा एक इवलासा आरएनए रेणू आहे. तो भरपूर असतो तोवर झाड लहान, ओसरला की मोठं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयव्ही आणि निलगिरीसह अनेक झाडांत हाच उतार दिसला.

आता शेजारच्या ड्रममधला आंबा बघा. तिथे मला नेमकं उलट हवंय. कोय रुजवून वाढवलेला रायवळ फळाला सहा-आठ वर्षं सहज घेतो, कारण त्याला आधी बालपण पुरं करायचं असतं. कोकणातले कलम बांधणारे ही वाटच कापतात. पावसाळ्याच्या तोंडी कोय रुजवायची, रोप पंधरा दिवसांचं, कोवळं तांबूस असतानाच त्याचा शेंडा उडवायचा आणि फळत्या मातृवृक्षाची वीतभर काडी पाचर मारून त्यावर बसवायची. काडी वयानं मोठी, मुळं तान्ही. म्हणून तर पिशवीतल्या हातभर कलमालाही कधीकधी मोहोर येतो. मिसरूड फुटलेलं बाळच ते! जाणकार तो मोहोर खुडून टाकतात, कारण मन तयार असलं तरी अंगात ताकद नसते.

या दोन टोकांना जोडणारं एक संप्रेरक आहे, जिबरेलिन. प्रौढ आयव्हीवर ते फवारलं की ती पुन्हा लहानपणात जाते, हे 1957 मध्येच दिसलं होतं. आंब्यातही जिबरेलिन जास्त असलं की नुसती पालवी फुटते, मोहोर अडतो. बागायतदार कलमांना पॅक्लोब्युट्राझोल घालतात ते याच जिबरेलिनचा कारखाना बंद पाडायला. गच्चीवरच्या दोन कुंड्यांसाठी मात्र या औषधाच्या वाटेला जाऊ नये. ते मातीत फार काळ टिकून राहतं.

घरी कात्रीच पुरते, फक्त कुठे चालवायची ते कळायला हवं. झाडात शेंडा म्हातारा आणि बुंधा कायम तरुण असतो. म्हणून कलमाच्या जोडाखालून फुटवा आला तर तो लगेच काढायचा. तो हापूसचा नसतो, खालच्या रायवळाचा असतो, आणि वर जाणारं बळ खातो. हत्तीचं याच्या बरोबर उलट. जाड फांद्यांचे नुसते शेंडे खुडून भागत नाही, कारण मागून येतात ते डोळेही प्रौढच. थेट सांगाड्याच्या तारेपर्यंत खाली जावं लागतं.

तसं केलं तेव्हा हत्ती महिनाभर सोललेल्या कोंबडीसारखा दिसत होता आणि घरच्यांची बोलणी मी खाल्ली. मग बुडातून बारीक, तांबूस शेंडे निघाले, तारेला मुळं रोवत सोंडेपर्यंत पोचले. पानं पुन्हा नखाएवढी.

कापलेल्यातली एक फांदी कुंडीत खोचून ठेवली होती. ती जगली. ताठ उभी आहे, आणि हाताच्या अंतरावर भिंत असूनही तिकडे ढुंकून बघत नाही.