ओळखीची नोकरी

नोकरी शोधणाऱ्या आपल्या तरुणाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, शीक, दुसरा, कुणाची तरी ओळख काढ. पहिला सल्ला त्याने मानला. चाळीच्या एका खोलीत, सात माणसांच्या गलबल्यात अभ्यास करून त्याने पदवी मिळवली. दुसऱ्या सल्ल्यापाशी मात्र तो अडतो. ओळख काढायची ती कुणाची? ज्यांच्या हाती नोकरी देण्याची सत्ता आहे त्यांच्यात त्याचा मामा नाही, मावसा नाही, गाववालाही नाही. म्हणून या शहरात नोकरी कशी दिली जाते हे आधी समजून घेतले पाहिजे. अर्ज कसा लिहावा हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

परळ-लालबागच्या गिरण्यांत कामगारभरती मालक करीत नसत, जॉबर करी. जॉबर म्हणजे मुकादम. माणूस तोच लावी, तोच काढी; अडीनडीला कर्ज देई, खोली मिळवून देई. बायकांच्या खात्यांत हेच काम नाईकीण करी. सकाळी फाटकावर बदलीवाल्यांची गर्दी जमे, जॉबर त्यातून हवी ती माणसे आत घेई, आणि आत गेलेल्याकडून दस्तुरी वसूल करी. १९३१ साली ज्याचा अहवाल आला त्या व्हिटले कमिशनने या पद्धतीवर टीका केली. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची योजना आणली. जॉबरच्या मनमानीला तिने थोडा आळा बसला, पण त्याचा शब्द फाटकावर चालायचा तो चालतच राहिला.

आता जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्यातला माणूस लावतो, यात वरवर पाहता काही वावगे दिसत नाही. कुणीही तेच करील. परंतु गावातच वाडा वेगळा, पाणवठा वेगळा. तेव्हा ‘गाववाला’ या शब्दात कोण बसतो आणि कोण बसत नाही हे ठरलेलेच होते. विणाई खात्यात तर उघडच मनाई होती. धोट्यातली कांडी बदलली की नवे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपण तोंडाला कसा लावायचा, हे स्पृश्य विणकरांचे कारण. विणकराची मजुरी कताईतल्या कामगारापेक्षा बरीच जास्त होती, हे मात्र त्या कारणात कुणी बोलून दाखवत नसे. १९२८ च्या सार्वत्रिक संपात विणाई खाते अस्पृश्य कामगारांना खुले करा, ही मागणी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवली, ती याच कारणाने. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना त्यांनी आणखी एक उदाहरण दिले. अस्पृश्याला रेल्वेत गँगमन म्हणून घेत, पोर्टर म्हणून घेत नसत. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागे. अशी मनाई कोणत्याही नियमपुस्तकात छापलेली नव्हती, आणि ज्याचा नियमच नाही त्याच्याविरुद्ध दाद मागायची कुठे?

या पार्श्वभूमीवर सरकारी नोकरीतील राखीव जागेचे महत्त्व ध्यानात येईल. राखीव जागा ही मेहेरबानी नव्हे. नोकरी देण्याचा अधिकार जॉबरच्या जिभेवरून काढून कागदावर आणण्याचा तो प्रयत्न आहे. कागदावर आलेल्या गोष्टीचा हिशेब मागता येतो. महाराष्ट्राच्या २००१ च्या कायद्याने (तो २००४ पासून अमलात आला) राज्याच्या सेवांत अनुसूचित जातींसाठी १३ टक्के जागा आहेत. कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची, हे बिंदुनामावलीत लिहिलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सभरवाल खटल्यात स्पष्ट केले की ही नामावली पदांची असते. म्हणजे राखीव पदावरचा माणूस निवृत्त झाला तर ते पद त्याच प्रवर्गाने भरायचे. आपले कार्यकर्ते अनुशेषावर मोर्चे काढतात, ते योग्यच आहे. पण त्याआधी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये भरून त्या कार्यालयाची बिंदुनामावली मागवून घ्यावी. आकडा हातात असलेल्या निवेदनाला उत्तर देणे साहेबाला भाग पडते.

उमेदवाराच्या दृष्टीने आणखी एक बाब. गुणवत्तेवर खुल्या यादीत आलेला आपला उमेदवार राखीव जागेत मोजायचा नसतो. त्याच्यामागे राखीव जागा दुसऱ्यासाठी शिल्लक राहते. मात्र केंद्राच्या १९९८ च्या आदेशाप्रमाणे वयाची किंवा अनुभवाची सवलत घेऊन निवड झाली असेल, तर त्याला राखीव जागेतच धरतात. तेव्हा खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा उलटण्याआधीच परीक्षा देण्यात त्याचा एकट्याचा फायदा नाही, मागून येणाऱ्या एकाचाही आहे.

आणि मग कागद. येथे आपली मुले सर्वांत जास्त अडखळतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची आहे. त्या दिवशी आपले आजोबा-पणजोबा कुठे राहत होते, तेथील अधिकाऱ्याकडून दाखला घ्यावा लागतो. ते साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या गावी असतील तर तेथून, मुंबईत असतील तर मुंबईतून. मुंबईतला पुरावा बहुधा ट्रंकेच्या तळाशी असतो: खोलीच्या भाड्याची जुनी पावती, गिरणीतल्या नोकरीचा कागद, म्युनिसिपल शाळेचा दाखला. नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळी पाडून तेथे टॉवर उभे राहत आहेत. सामान हलवताना जुनी कागदपत्रे रद्दीत जातात, आणि पुढे पडताळणी समिती नेमकी तीच मागते. धर्मांतरित बौद्धांसाठी दाखल्याचा नमुना वेगळा आहे, तोच भरून घ्यावा. केंद्राच्या नोकऱ्यांत बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीनंतर मिळाल्या. त्याआधीच्या तीन दशकांत किती जणांनी दीक्षा घेऊनही कागदावर ‘हिंदू’च राहणे पत्करले, याचा इतिहास कुणी तरी लिहायला हवा.

नावातले एक अक्षरसुद्धा माणसाला दाराबाहेर ठेवते. मुंबई महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करावे, हा निकाल कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या दीर्घ लढ्यानंतर २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. पण यादीतले नाव आणि कागदावरचे नाव जुळत नाही म्हणून त्यातील कित्येक जण त्यानंतरही ताटकळले. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि बँकेच्या पुस्तकावर नाव एकच आहे ना, हे दहावीच्या वर्षीच तपासून घ्यावे. शिक्षकांनी एवढे एक काम अंगावर घेतले तरी फार होईल.

खाजगी क्षेत्रात राखीव जागा नाहीत, आणि तेथे जॉबर नव्या वेषात बसला आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतील नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर ०.६७ निघाले, मुस्लिम नावाचे ०.३३. हे मुलाखतीच्या आधीचे, नुसत्या अर्जावरचे. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील भरती अधिकाऱ्यांशी बोलून लिहिले की, आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो असे सांगणारे हे लोक उमेदवाराची ‘घरची पार्श्वभूमी’ मात्र आवर्जून विचारतात. वडील काय करतात, भाऊ-बहिणी किती शिकल्या, राहता कुठे.

या प्रश्नापुढे आपला मुलगा गडबडतो. कुणी त्याला आडनाव बदलायला सांगतो. बाबूराव बागुलांच्या १९६३ च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ या कथेत रेल्वेच्या नोकरीत जात लपवणाऱ्याचे काय होते ते आले आहे. लपवलेली जात रोज नव्याने लपवावी लागते. आडनाव बदलावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण माझे मत विचाराल तर बदलू नये. उत्तराची तयारी करावी. ‘वडील गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर त्यांनी भाजीची गाडी लावली, आम्हा तिघांना शिकवले’ एवढे सरळ, मान वर करून सांगावे, आणि लगेच आपल्या कामाकडे वळावे: मी हे शिकलो, अमुक ठिकाणी हे काम केले. वस्तीतल्या एखाद्या विहारात दर रविवारी दोन नोकरदारांनी समोर बसून मुलामुलींच्या खोट्या मुलाखती घ्याव्यात. इंग्रजीतील त्याच दहा प्रश्नांची दहा वेळा उत्तरे दिली की जीभ मोकळी होते.

लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आहेत. तेथे आपली पोरे जातात ती बहुतेक ठेकेदारामार्फत, पहाऱ्याला किंवा साफसफाईला. नोकरी लावण्यासाठी ‘रजिस्ट्रेशन’ म्हणून पैसे मागणारा माणूस दस्तुरीच मागत असतो. पैसे देऊ नयेत आणि मूळ दाखले तर त्याच्याकडे मुळीच ठेवू नयेत. नेमणुकीचे पत्र मागावे. भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक पहिल्याच पगाराला विचारावा आणि कापलेले पैसे जमा होतात का ते पाहावे. ठेकेदाराने पगार बुडवला तर ज्याच्या जागेत काम केले त्या मूळ मालकाला तो द्यावा लागतो, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातले तत्त्व नव्या श्रमसंहितेतही आहे.

राहिला ओळखीचा प्रश्न. सवर्ण मध्यमवर्गाच्या घरात कोणत्या कचेरीत जागा निघणार हे जाहिरातीआधी जेवणाच्या पाटावर कळते. आपल्यातले बँकेत, विमा कंपनीत, रेल्वेत, मंत्रालयात गेलेले लोक पुष्कळ आहेत. त्यातले बरेच उपनगरांत राहायला गेले आणि जुन्या चाळीत १४ एप्रिललाच दिसतात. त्यांनी कुणाची शिफारस करावी असे माझे म्हणणे नाही. आपल्या खात्यात जाहिरात कधी येते, अर्ज कुठल्या चुकीने बाद होतो, परीक्षेला कोणते पुस्तक चालते, एवढे त्यांनी महिन्यातून एकदा येऊन सांगावे, आणि वाचनालयातल्या एका वहीत ते लिहून ठेवावे. वही कुणालाही उघडता यावी, मुलींनाही, आणि मातंग, चर्मकार, वाल्मीकी वस्तीतल्या मुलांनाही. नाही तर आपलाही एक जॉबर तयार व्हायला वेळ लागणार नाही.