पांडुरंगावर हवाला आणि औषधाची चिठ्ठी

आषाढीनंतर एक माउली दवाखान्यात आल्या. बारा वर्षांचा मधुमेह, तळपायाला जखम आणि गोळ्या महिनाभर बंद. कारण विचारले, तर म्हणाल्या, "मुलगा गेला, डॉक्टर. आता सगळं पांडुरंगाच्या हातात." रक्तातली साखर चारशेच्या वर.

त्यांच्या श्रद्धेला मी काय बोलणार? पंढरपुरात दवाखाना चालवणाऱ्याने तर नाहीच. अन्न आणि झोप उडालेल्या माणसाला नामस्मरणाने धीर येतो, हे मी रोज पाहतो. पण दुःखातही शरीरात अशी संप्रेरके वाढतात की साखर चढते. तेव्हा उपचार सोडून चालत नाही. त्यातून मधुमेहात पाय बधिर होतात. जखम चिघळली तरी दुखत नाही.

मी त्यांना २०२०ची आषाढी आठवून दिली. करोनामुळे पायी वारी झाली नाही, पालख्या एसटीने आल्या. "तेव्हा तुम्ही घरी थांबलात, तो देवावरचा अविश्वास होता का?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सुई टोचून घ्यायची ती काकड्याआधी का नंतर?"

इन्सुलिनची वेळ न्याहारीशी जुळवून दिली. रोज रात्री तळवे आरशात पाहायचे, अनवाणी फिरायचे नाही. दर्शनाला चप्पल काढावीच लागते, तिथे निदान मोजे घालायचे.

आता दर दोन दिवसांनी त्या ड्रेसिंगला येतात. जखम भरते आहे. मुलाचा विषय निघाला की मी ऐकून घेतो. त्यावर माझ्याकडे गोळी नाही.