राळ लावून शिकार करणारे ढेकूण

पावसाळा संपता संपता तळोज्याहून माळीकाम करणारा एक तरुण ओपीडीत आला. औद्योगिक वसाहतीतल्या बागेत तण काढताना बोटाला काहीतरी चावले होते. बोट सुजले होते आणि ठणक्यामुळे रात्रभर झोप नव्हती. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. 'हा किडा चावला की हृदय निकामी होते', असा संदेश त्याला मोबाइलवर आला होता. त्याने किडा बाटलीत घालूनच आणला होता. लांबट डोके, काळे-तांबडे अंग आणि डोक्याखाली दुमडलेली वाकडी सोंड. हा मारेकरी ढेकूण.

हा ढेकूण माणसाचे रक्त पीत नाही. अळ्या, माश्या पकडून तो सोंडेतून लाळ टोचतो आणि भक्ष्याच्या शरीरातला विरघळलेला भाग शोषून घेतो. हाताखाली दाबला गेला तर बचावासाठी हीच सोंड आपल्याला टोचतो. संदेशातला हृदयाचा आजार म्हणजे चागास. तो लॅटिन अमेरिकेत याच कुळातल्या रक्त पिणाऱ्या जातींच्या विष्ठेतून पसरतो. भारतात त्याचा स्थानिक प्रसार नाही. हे ऐकल्यावर तरुणाचा चेहरा निवळला.

या कुळातल्या काही जातींची शिकारीची पद्धत मात्र थक्क करणारी आहे. त्या झाडाची राळ पायांनी खरवडून घेतात आणि पुढच्या पायांना फासतात. मग फुलावर किंवा पानावर दबा धरून बसतात. जवळ आलेला किडा पायाला चिकटला की सुटत नाही. फणस चिरण्याआधी आपण हाताला खोबरेल का लावतो, हे आठवा. चीक पाण्याने निघत नाही. राळही तशीच, पाण्यात न विरघळणारी. डिंक पाण्यात विरघळतो किंवा फुगतो, राळ तशीच राहते.

अमेरिकेत अशा ढेकणांना मधमाश्यांचे मारेकरी म्हणतात. त्यांची मादी राळ पोटाखाली साठवते आणि अंड्यांवर लावते. त्यामुळे मुंग्या अंड्यांपासून दूर राहतात. पिल्ले बाहेर पडताच तीच राळ आपल्या पायांवर घेतात आणि पहिली शिकार करतात. आईकडून मिळालेली ही शिदोरीच! ऑस्ट्रेलियात संशोधकांनी तिथल्या गवताची राळ वापरणाऱ्या ढेकणांची परीक्षा घेतली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात राळ असलेले ढेकूण राळ काढून घेतलेल्यांपेक्षा सुमारे २६ टक्के अधिक यशस्वी ठरले.

आमच्या ड्रेसिंगच्या खोलीतही हीच युक्ती चालते. घामट त्वचेवर पट्टी टिकत नसेल तर सिस्टर आधी टिंक्चर बेन्झॉइन लावतात. ते लोबानापासून, म्हणजे झाडाच्या राळेपासून बनते. अर्थात काहींना अशा चिकट पदार्थांची ॲलर्जी असते. पट्टीखाली खाज किंवा पुरळ आली तर डॉक्टरांना जरूर सांगा.

तळोज्याच्या बाटलीतला ढेकूण राळ वापरणारा असेलच असे नाही. पण पिकांवरच्या अळ्या खाणारा म्हणून तो शेतकऱ्याचा मित्र आहे. सरसकट कीटकनाशक फवारले तर अळ्यांबरोबर हा राखणदारही मरतो. बागेत दिसला तर त्याला बोटाने उचलू नका, काडीवर घेऊन बाजूला ठेवा. तण काढताना हातमोजे घाला.

चावलाच तर जागा साबण-पाण्याने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. चुना, हळद, पेट्रोल काही लावू नका. ठणका बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. सूज वाढत गेली, पू झाला किंवा ताप आला तर दाखवा. ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर मात्र वाट पाहू नका, लगेच १०८ ला फोन करा.

तरुण चार दिवसांनी परत आला. बोट बरे झाले होते. पहिल्याच दिवशी मी त्याला बाटली परत देताना ढेकूण बागेत सोडून द्यायला सांगितले होते. त्याने तो सोडला होता.