दोन मिलिमीटर

काकांनी रेकॉर्ड प्लेअरवरची तबकडी काढली, तिच्याखालची मॅट उचलली आणि उघड्या प्लॅटरच्या कडेला बोटाच्या पेराने टिचकी मारली. घंगाळाला तांब्या लागावा तसा नाद उठला आणि रेंगाळला. मग रबराची जुनी मॅट ठेवून पुन्हा टिचकी. नुसतं 'ठप्प'. गिरगावातल्या त्या खोलीतून येऊन आठ दिवस झाले, तो नाद अजून कानात आहे.

मी गेले होते माझ्या नव्या चामड्याच्या मॅटसाठी. ती घातल्यापासून कुमार गंधर्वांच्या एलपीवरचा तानपुरा मला जास्त गोल वाटत होता. खरंच, की पैसे मोजलेत म्हणून? प्लेअर दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेल्या काकांनी ऐकण्याआधी मोजपट्टी घेतली. "जुनीपेक्षा दोन मिलिमीटर जाड आहे. दोन मिलिमीटर! सुईचा आर्म वर घेतला होतात का?"

नव्हता घेतला. मॅट जाड झाली की तबकडी वर येते, आर्मचं मागचं टोक मात्र तिथेच राहतं आणि खाचेतल्या सुईचा कोन बदलतो. नऊ इंचाच्या आर्मवर दोन मिलिमीटर म्हणजे जेमतेम अर्धा अंश. पण मॅटची तुलना करायची तर तो हिशेबातून काढायलाच हवा. टेक्निक्सच्या एसएल-1200 एमके2 वर कडं फिरवून आर्मची उंची बदलता येते. कित्येक साध्या प्लेअरना ती सोयच नसते, आणि मॅट विकणारे हे क्वचितच सांगतात.

उंची जुळवल्यावर मी खिडकीकडे तोंड करून बसले. काका मॅट बदलत राहिले. सहा वेळा तानपुरा ऐकला, तीनदा ओळखला. नाणं उडवूनही तेवढंच जमलं असतं.

मग त्यांनी मोटर बंद केली, स्थिर तबकडीवर सुई टेकवली, आवाज जपून वाढवला आणि प्लॅटरवर हलकेच ठोकलं. मॅट नसताना तो नाद थेट स्पीकरमधून आला. रबर असताना विरला. चामड्यावरही तसाच विरला. मॅटचं खरं काम हे. ते रबर करतच होतं. (फेल्टची मॅट कोरड्या थंडीत स्थिर विजेमुळे तबकडीला चिकटून वर येते, एवढं मात्र मी घरी भोगलंय.)

काकांनी भिंगातून सुई दाखवली. टोकाला राखाडी लव गुंडाळलेली. ब्रश मागून पुढे, एकदाच. तानपुऱ्याच्या तारा सुट्या झाल्या. या वेळी मी खिडकीकडे पाहत नव्हते, तरी पैज लावायला तयार आहे.

निघताना विचारलं, "काका, ती टिचकी मी मारून बघू?" त्यांनी मॅट उचलली.